घोडखिंडीत पाणी किती होतं?

माझी पीएचडीची नोंदणी व्हायच्या आधीची गोष्ट. सिनॉप्सिस परत आला होता. शेरा एका ओळीचा होता: व्याप्ती फार मोठी आहे, मर्यादा निश्चित करा. विषय होता सतराव्या शतकातल्या पन्हाळा-विशाळगड परिसरातली लष्करी व्यवस्था, म्हणजे किल्ले, वाटा, रसद, फौजा, सगळंच. मला तो शेरा अन्यायाचा वाटला. एवढं वाचलंय, एवढं टिपणं काढलंय, आणि हे म्हणतात कमी करा!

पेटची तयारी करणारे किंवा पहिला सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण मला विचारतात की व्याप्ती ठरवायची कशी. त्याचं पुस्तकी उत्तर तुम्हाला संशोधनपद्धतीच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला ते कळलं दिवाळीचा किल्ला करताना, म्हणून तेच सांगतो.

आम्ही कळंब्यात राहतो, तलावापासून चालत दहा मिनिटांवर. त्या वर्षी सहामाही परीक्षा संपवून भाचा आला होता, सहावीत होता. कॉलनीत किल्ल्यांची स्पर्धा होती. दरवर्षी विटा, पोती आणि चिखल असा नेहमीचा किल्ला व्हायचा. वर अळीव पेरायचा, गुहेत वाघ ठेवायचा, पायथ्याला गवळण. या वेळी त्यानं युट्यूबवर परदेशी लोक करतात तसले युद्धप्रसंगाचे देखावे बघितले होते. गंजलेला रणगाडा, चिखलात रुतलेली चाकं, पडक्या भिंतीआड दबा धरलेला सैनिक. त्याला तसलं पाहिजे होतं, पण आपलं. ‘मामा, तू इतिहासवाला हाईस न्हवं? मग आपण पन्हाळ्याचा वेढा करूया. सगळा. वेढा, पालखी, घोडखिंड, विशाळगड.’

मी लगेच हो म्हणालो. आता लक्षात येतं, त्याची योजना आणि माझा सिनॉप्सिस यांत तसा काही फरक नव्हता.

जागा होती सहा फूट बाय चार फूट. जुनं प्लायवूड. पन्हाळ्याहून विशाळगड पायवाटेनं साधारण 60 किलोमीटर. ते अंतर सहा फुटांत बसवायचं म्हणजे माप येतं सुमारे 1:33,000. या मापात पाच-साडेपाच फुटी मावळा उरतो मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा. केसाच्या जाडीपेक्षाही कमी. भाच्यानं कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं आणि म्हणाला, ‘मग मावळे दिसणारच न्हाईत की.’

बरं, मग फक्त पन्हाळा घेऊ. गडाचा घेर साधारण 7 किलोमीटर. 1:2000 या मापानं घेर साडेतीन मीटर, म्हणजे प्लायवूडवर बसतो. माणूस मात्र एक मिलिमीटरहून लहान, मोहरीच्या दाण्याएवढासुद्धा नाही. गड दिसतो, वेढ्याच्या छावण्या कुठं असतील ते दाखवता येतं, पण लढणारा माणूस दिसत नाही. उलट बाजूनं बघा. लष्करी प्रतिकृती करणाऱ्यांत 1:35 हे माप फार चालतं. त्यात माणूस सुमारे पाच सेंटीमीटरचा होतो, चेहरा रंगवता येतो, कमरेचा शेला दाखवता येतो. पण त्या मापात पन्हाळ्याचा घेर होतो 200 मीटर. आमची अख्खी गल्ली तेवढी नाही.

वेढा दाखवायचा तर माणसं नाहीत, माणसं दाखवायची तर वेढा नाही. मर्यादा निश्चित करा म्हणजे काय, ते मला तिथं अंगणात उकिडवं बसून कळलं. तोपर्यंत मी त्याचा अर्थ ‘थोडं कमी काम करा’ असा घेत होतो. आधी प्रश्न ठरतो, मग माप ठरतं, आणि माप ठरलं की काय दिसणार नाही तेही ठरतं. मी सगळी मापं एकाच पाटावर मांडायला निघालो होतो.

कुंभार गल्लीतले मावळे या भानगडीत पडत नाहीत म्हणा. गंगावेशीत मिळणारा मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि महाराज मावळ्यापेक्षा. आपल्या जुन्या चित्रांतही महत्त्वाचा माणूस मोठा काढायची रीत होतीच. त्यामुळे दिवाळीचा किल्ला ‘चुकीचा’ असतो असं मी म्हणणार नाही. त्याचं माप अंतराचं नसतं, मानाचं असतं. पण आम्हाला त्या वर्षी अंतराचं माप पाहिजे होतं.

शेवटी ठरलं: फक्त खिंड. 1:35 मापात खिंडीचा 40 मीटरचा तुकडा 1 मीटर 14 सेंटीमीटरचा होतो, तो प्लायवूडवर निवांत बसतो.

इथं थोडं विषयांतर करतो, कारण या सगळ्यातून दोनशे वर्षांपूर्वी एक माणूस गेलेला आहे आणि संशोधन करणाऱ्यानं त्याची गोष्ट माहीत करून घ्यावी. विल्यम सायबॉर्न, ब्रिटिश सैन्यातला अधिकारी. वॉटर्लूची लढाई झाली 1815 साली. 1830 मध्ये त्याला त्या लढाईची मोठी प्रतिकृती करायचं काम वरून मिळालं. गडी तिकडं बेल्जियमला गेला, रणभूमीवरच्या ला हे सँत या शेतवाडीत आठ महिने मुक्काम ठोकून राहिला आणि सगळ्या जमिनीची मोजणी केली. माप धरलं मैलाला नऊ फूट, म्हणजे सुमारे 1:587. आणि प्रतिकृतीत क्षण दाखवायचा होता एकच: संध्याकाळी सातच्या सुमाराचा, नेपोलियनच्या खास पलटणीचा शेवटचा हल्ला.

जमीन मोजून झाली. पण त्या क्षणी कोणती तुकडी कुठं उभी होती? हे जमिनीला विचारून कळत नाही. म्हणून त्यानं हयात असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली: सातच्या सुमाराला तुमची पलटण कुठं होती, कोणत्या रचनेत होती, समोर शत्रू कोण होता, शेतात पीक काय होतं. आज आपण ज्याला प्रश्नावली म्हणतो आणि गुगल फॉर्मवर पाठवतो, तीच. ढीगभर उत्तरं आली. लढाई होऊन वीस वर्षं झाली होती, त्यामुळे उत्तरं एकमेकांशी जुळेनात. प्रत्येकाला आपली तुकडी मोक्याच्या जागी आठवत होती.

पुढची अडचण पैशाची. 1833 मध्ये सरकारनं हात आखडता घेतला, सायबॉर्ननं कर्ज काढून काम पुरं केलं. 70 हजारांहून जास्त कथलाचे सैनिक मांडलेली ती प्रतिकृती 1838 मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये लोकांना दाखवली. गर्दी भरपूर झाली, कर्ज काही फिटलं नाही. आणि खरी अडचण वेगळीच होती. त्यानं मिळालेल्या पुराव्यावरून प्रशियन सैन्य इतकं पुढं आणि इतक्या संख्येनं मांडलं होतं की विजयाचं श्रेय वाटून जात होतं. वेलिंग्टनला ते रुचलं नाही. पुढं सायबॉर्ननं जवळजवळ 40 हजार प्रशियन सैनिक प्रतिकृतीवरून उचलले.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. पुरावा सांगत होता एक, आणि तो मान्य करणं ज्यांच्या हातात होतं त्यांना पाहिजे होतं दुसरं. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. पण इतिहासकारांना तिच्यापेक्षा जास्त उपयोगी पडली ती पत्रं. त्याच्या मुलानं 1891 मध्ये त्यांतली बरीचशी छापली. प्रतिकृती करताना उरलेला कच्चा माल प्रतिकृतीपेक्षा मोलाचा ठरला. म्हणून सांगतो, मुलाखतींची रेकॉर्डिंगं आणि टिपणांच्या वह्या प्रबंध झाल्यावर रद्दीत घालू नका.

आता परत खिंडीत येऊ.

प्रसंग सगळ्यांना माहीत आहे, तरी दोन ओळीत. अफजलखान पडल्यावर, 1659 च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. 1660 मध्ये आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर यानं गडाला वेढा घातला आणि पावसाळा सुरू झाला तरी तो उठेना. आषाढात एका रात्री महाराज गडावरून निसटले आणि विशाळगडाकडे गेले. परंपरा सांगते की शिवा काशीद यांनी महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीतून जाऊन शत्रूला चकवलं आणि प्राण दिले. पाठलागावर आलेल्या फौजेला बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या माणसांनी घोडखिंडीत अडवलं. बाजीप्रभू पडले आणि खिंडीला पावनखिंड नाव मिळालं.

तारीख आपण 12-13 जुलै 1660 अशी वाचतो. भाच्यानं विचारलं, ‘रात्र कशी दाखवायची? चंद्र हुता का?’ प्रश्न साधा होता. मी म्हणालो, गुरुपौर्णिमेच्या आसपासची रात्र, म्हणजे होता. मग सहज म्हणून मोबाइलवर जुन्या चंद्रकलांचं गणित करणारं पान उघडलं आणि 12 जुलै 1660 टाकलं. पौर्णिमा येईना! दहा दिवसांचा फरक. मिनिटभर मला घाम फुटला.

कारण तुम्हाला कदाचित माहीत असेल, पण परीक्षेपुरतंच. इंग्रज 1752 पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर वापरत होते आणि आपल्याकडच्या सतराव्या शतकाच्या बहुतेक तारखा इतिहासकारांनी त्याच पद्धतीनं दिलेल्या आहेत. त्या शतकात जुन्या आणि नव्या पद्धतीत दहा दिवसांचं अंतर होतं. आजच्या कॅलेंडरनं ती रात्र 22-23 जुलैची. तिथं पौर्णिमा बरोबर जुळते. मूळ साधन तारीख देतच नाही, तिथी देतं: शके 1582, आषाढ वद्य प्रतिपदा. आपण तिथीची तारीख करतो, मग ती तारीख पाठ करतो आणि तिथी विसरतो.

दहा दिवसांनी काय बिघडतं? प्रबंधाच्या तळटीपेत फारसं काही नाही. देखाव्यात मात्र बिघडतं. 12 जुलैला आमच्याकडं अजून काही ठिकाणी भाताची रोपलावण चालू असते. 22-23 जुलै म्हणजे भर पाऊस, गवत गुडघ्याला लागलेलं, खाचरं तुडुंब. कळंबा तलाव सांडव्यावरून वाहायला लागतो तो साधारण याच दिवसांत. म्हणजे देखाव्याची जमीन हिरवीगार पाहिजे, डोंगरउतार ओला काळा पाहिजे आणि चंद्र असला तरी तो ढगाआडचा. युट्यूबवरचे देखावे बघून आम्ही पिवळं वाळलेलं गवत आणलं होतं. बारदानाचे धागे सोडवून, रंगवून. ते सगळं काढलं. अळीव मात्र चालला! दिवाळीच्या किल्ल्यावरचा हिरवा अळीव तारखेच्या हिशोबानं एकदम बरोबर निघाला.

पावसाचा दुसरा परिणाम हत्यारांवर. तोड्याच्या बंदुकीला जळती जामगी लागते, आणि मुसळधार पावसात रात्रभर चालून आलेल्या माणसाची जामगी कोरडी राहणं अवघड. म्हणून आम्ही बंदूकवाले कमी केले, तलवारी, भाले, ढाली जास्त ठेवल्या. हा आमचा अंदाज आहे, पुरावा नव्हे. अंदाज आणि पुरावा यांतला फरक देखाव्यात दिसत नाही, हीच देखाव्याची मोठी खोट. प्रबंधात तुम्ही ‘असावे’ लिहू शकता. मातीच्या हातात ‘असावी’ अशी तलवार देता येत नाही. एक तर ती असते, नाही तर नसते.

मग साधनं काय सांगतात? कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ समकालीन आहे. स. म. दिवेकरांनी ते 1927 मध्ये मराठी भाषांतरासह छापलं. पन्हाळ्याचा वेढा त्यात आहे, पण ते संस्कृत काव्य आहे आणि राजाच्या आश्रयानं लिहिलेलं, हे लक्षात ठेवून वाचावं लागतं. जेधे शकावली तिथ्या देते, पण ओळी मोजक्या. इंग्रजांच्या राजापूर वखारीचा कागद वेगळाच. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा आणि दारूगोळा घेऊन स्वतः पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दीच्या मदतीला आला होता. त्याचं फळ पुढच्या वर्षी मिळालं: 1661 मध्ये महाराजांनी राजापूर लुटलं आणि रेव्हिंग्टन कैदेत पडला. हे कागद पुण्यात 1931 मध्ये ‘इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी’ या नावानं छापले गेले. व्यापाऱ्यांची पत्रं ती, त्यांची नजर नफ्यातोट्यावर. आणि बखरी. चिटणिसांची बखर प्रसंगानंतर दीडशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेली. आपल्या डोळ्यांसमोर खिंडीचा जो प्रसंग उभा राहतो, विशाळगडावरून तोफांचे आवाज होईपर्यंत प्राण न सोडणारे बाजी, तो बखर, पोवाडा, शाळेचं पुस्तक आणि सिनेमा या वाटेनं आपल्यापर्यंत आलेला आहे.

यातलं काही खोटं ठरवायचा माझा हेतू नाही. बाजीप्रभूंचं शौर्य माझ्या पाच सेंटीमीटरच्या पुतळ्यावर अवलंबून नाही. पण कोणता तपशील कोणत्या थरातला आहे हे करताना कळलं पाहिजे. मी एक युक्ती केली, ती तुम्हीही करू शकता. देखाव्यातल्या प्रत्येक वस्तूसाठी वहीत एक ओळ: वस्तू, कुठून कळली, ते साधन कधीचं. पहिल्या दिवशी 31 वस्तू लिहिल्या. त्यांतल्या निम्म्यापेक्षा जास्त वस्तूंसमोर मला प्रामाणिकपणे ‘सिनेमा’ किंवा ‘कॅलेंडर’ असं लिहावं लागलं.

कोल्हापूरकराला यात नवल वाटायला नको. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ 1923 चा, भालजी पेंढारकरांचा ‘छत्रपती शिवाजी’ 1952 चा. आपला मावळा कसा दिसतो हे बऱ्याच अंशी या गावानंच ठरवलं आहे. पेंटरांसारख्या माणसानं कपड्यांचा, हत्यारांचा बारकाईनं विचार केलेला असतो, तो टाकाऊ नसतो. पण तो 1923 मधला विचार असतो. महाराजांच्या चित्राचंही तसंच झालं होतं. बरीच वर्षं एका भलत्याच माणसाचं, इब्राहिमखानाचं चित्र महाराजांचं म्हणून चालत होतं. वा. सी. बेंद्र्यांनी 1933 मध्ये व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या ग्रंथातलं चित्र पुढं आणलं तेव्हा ते बदललं. लोकांनी भक्तीनं भिंतीवर लावलेलं चित्र चुकीचं आहे असं सांगणं किती जड गेलं असेल याची कल्पना करा. आज तुम्ही बघता ते चित्र त्या सांगण्याचं फळ.

पन्हाळ्याचं माप काढताना आणखी एक गोष्ट कळली होती, ती सांगायची राहिली. सुरुवातीला आम्ही उपग्रहाच्या नकाशावरून गडाची कडा काढली आणि तीवर तटबंदी उभी करायला लागलो. जिथं आज तट दिसत नाही तिथं भाच्यानं तट सोडून दिला. मी त्याला म्हणालो, बरोबर, जे दिसतं तेच कर. आणि मग आठवलं: 1844! कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी बंड केलं. सामानगडापासून सुरुवात झाली, पन्हाळाही बंडवाल्यांच्या हातात गेला. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स दौऱ्यावर असताना त्यांनी त्याला पकडून पन्हाळ्यावर कोंडलं. इंग्रज फौजेनं 1 डिसेंबर 1844 रोजी तट फोडून गड घेतला आणि नंतर तटबंदी पाडली. चार दरवाजा गेला तो तेव्हाच. म्हणजे आज आपण पर्यटनाला जाऊन जो पन्हाळा बघतो, 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला तो, तो 1660 चा पन्हाळा नाही. त्यावर 1844 ची जखम आहे. आम्ही जवळजवळ सिद्दी जौहरच्या वेढ्यात इंग्रजांनी पाडलेला तट दाखवणार होतो. दिसतं ते सगळं जुनं असतं, पण एकाच काळातलं नसतं. फील्डवर्कला जाताना हे डोक्यात ठेवा.

अशीच गंमत झेंड्याची. रेव्हिंग्टनच्या तोफांसाठी भाच्यानं सायबर कॅफेतून छोटे युनियन जॅक छापून आणले होते, बारा रुपयांचे. आज दिसतो तो युनियन जॅक 1801 चा. पैसे वाया. पुढं खिंडच करायची ठरली, त्यामुळे वाद मिटला. झेंडे त्यानं सायकलला लावले, मग आईनं काढायला लावले.

खरा वाद झाला तो महाराजांवरून. खिंडीच्या देखाव्यात महाराज नाहीत. ते पुढं विशाळगडाकडं गेलेले. शिवाय गंगावेशीतून आणलेली मूर्ती सिंहासनावर बसलेली, आणि राज्याभिषेक 1674 चा, खिंडीनंतर चौदा वर्षांनी. मी हे सगळं समजावून सांगितलं. भाचा ऐकून घेऊन म्हणाला, ‘पण मामा, महाराजांशिवाय किल्ला कसला?’ माझी आई चकल्या तळत होती, तिनं आतूनच सांगितलं, ‘दिवाळीत महाराजांना घरात ठेवून मावळ्यांना बाहेर बसवतोस? काय शिकलास रं एवढं?’

मला उत्तर सुचलं नाही, अजूनही पुरतं सुचलेलं नाही. दिवाळीचा किल्ला हा इतिहासाचा पुरावा नसतो, तो सण असतो. मुलं त्यावर पणती लावतात. माझी शिस्त त्याच्यावर लादायचा मला अधिकार कोणी दिला? आणि दुसरीकडं, ‘लोकांना आवडतं’ म्हणून सायबॉर्नसारखे सैनिक उचलायला लागलो तर मग मी कुठं थांबणार? शेवटी तडजोड झाली. देखाव्याच्या पश्चिम कडेला वाट प्लायवूडच्या बाहेर जाते असं दाखवलं, आणि तिथून चार फुटांवर, तुळशीच्या कट्ट्याजवळ, वेगळ्या पाटावर महाराज बसवले. मूर्तीपुढं पणती. भाच्यानं पुठ्ठ्यावर लिहिलं: ‘महाराज विशाळगडाकडे गेले आहेत.’ परीक्षक आले, त्यांनी विचारलं, किल्ला कुठाय? आम्ही म्हणालो, ही खिंड आहे. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या दारात गेले. बक्षीस मिळालं नाही. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

करण्याबद्दल थोडं, कारण ते विचारणारेही असतात. कातळासाठी थर्माकोल कापून त्यावर वर्तमानपत्राचा लगदा आणि डिंक. उसाच्या रानातली काळी माती थेट लावली तर वाळून भेगा पडतात, आमच्या पहिल्या रात्रीच पडल्या. लगदा मिसळला की थांबतात. जांभ्याचा रंग गेरूनं. माणसं जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारेवर एम-सीलनं घडवली, कारण कुंभाराकडचा मावळा आमच्या मापाच्या दुपटीहून मोठा होता. तीनशे करणं शक्यच नव्हतं. सव्वीस झाले. पण मांडताना एक लक्षात आलं. अरुंद जागेत पुढच्या फळीत पाच-सहांच्या वर मावतच नाहीत. बाकीचे मागं, बदलीसाठी. तीनशे हा आकडा आपण मैदानात एका ओळीत उभा करून बघतो, म्हणून तो एक तर फार थोडा वाटतो, नाही तर अचाट. खिंडीत तो आकडा पाळ्यांचा होतो. किती वेळ टिकले हे कळायचं तर किती जण होते याबरोबर एका वेळी किती जण लढू शकत होते हेही विचारायला पाहिजे, हा प्रश्न मला कुठल्याही पुस्तकानं सुचवला नव्हता.

भाऊबीजेच्या दिवशी शेजारचे काका आले. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. त्यांनी कमरेवर हात ठेवून बराच वेळ देखावा बघितला. बाजीप्रभूंची पगडी, तलवारीची मूठ, कशाबद्दलच बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘आषाढ म्हणतोस, आणि खिंड कोरडी? डोंगराचं पाणी कुठनं जाणार मग? आणि गडी पाय कुठं रोवणार?’

मी गप्प. तारखेचा दहा दिवसांचा फरक शोधून काढला, गवत हिरवं केलं, जामग्या विझवल्या आणि खिंडीत पाणी घालायचं विसरलो. कारण माझ्या सगळ्या साधनांत शौर्य होतं, संख्या होती, तिथी होती. पायाखालचं कोणी लिहिलेलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

पुढच्या आषाढात पन्हाळा ते पावनखिंड मोहीम करणाऱ्या मुलांबरोबर मी चाललो. मसाई पठारावर धुकं इतकं की पुढचा माणूस दिसेना. दुसऱ्या दिवशी पांढरेपाणी ओलांडून खिंडीत उतरलो तेव्हा पाणी घोट्याच्या वर होतं, ओढ बऱ्यापैकी, दगड शेवाळलेले. हातात काठी असून मी दोनदा बसलो. साडेतीनशे वर्षांत ओढा, दरड, झाडी सगळं बदललेलं असणार, माझा घोटा हा काही ऐतिहासिक पुरावा नाही. पण निसरड्या दगडावर वरच्या अंगाला उभा असलेला आणि खालून पाण्यातून चढून येणारा, यांच्यातला फरक मला पहिल्यांदा गुडघ्यात कळला. रात्रभर चिखलातून चालून आलेली माणसं तिथं उभी राहिली होती.

नव्या सिनॉप्सिसचा विषय आहे: पावसाळ्यातले वेढे आणि हालचाली, पन्हाळा-विशाळगड परिसर, 1659 ते 1673. शेवटचं वर्ष कोंडाजी फर्जंदानं साठ माणसांनिशी पन्हाळा परत घेतला त्याचं. तो शिमग्याच्या सुमाराचा, म्हणजे कोरड्या दिवसांतला प्रसंग, तुलनेसाठी घेतला आहे. या वेळी शेरा आला नाही.

देखावा अजून आहे, माळ्यावर. गेल्या दिवाळीत खाली काढला आणि पाणी घातलं. रेझिन महाग पडतं, सातशे रुपयांत जेमतेम खिंडीचा तळ झाकला. ओतायच्या आधी भाच्यानं विचारलं, ‘मामा, पाणी निवळ करायचं का गढूळ?’ तो आता आठवीत आहे. मी म्हणालो गढूळ, तांबूस, वर जांभा आहे. त्यानं वहीत वस्तूची ओळ काढली: ‘पाणी. तांबूस. मामानं बघितलं, दोन वर्षांपूर्वी.’ आणि मग रेझिनमध्ये चिमूटभर गेरू टाकला.